क्लचवरचा हात

आमच्या ह्यांच्याइतकी हळू मोटारसायकल चालवणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जायचे, आणि जाता जाता मान वळवून हसायचे. पुलावर तर एकदा एक म्हातारा शेळी घेऊन आमच्या पुढे निघून गेला. तरीही सांगते, ह्यांच्याइतकी चांगली गाडी चालवणाराही दुसरा मी पाहिला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. बोलले असते तर ते आणखी हळू चालवायला लागले असते.

ज्या हिवाळ्यात मला हे कळलं तो चौऱ्याहत्तरचा की पंच्याहत्तरचा, यात माझा आता घोळ होतो. हे नुकतेच फौजेतून कायमचे घरी आले होते आणि येताना डाव्या हाताची बोटं उत्तरेकडच्या बर्फात ठेवून आले होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गेलं होतं, मधल्याचं टोक गेलं होतं. अंगठा आणि त्याच्या जवळचं बोट दिसायला धड होती, पण थंडी लागली की तीही पांढरीफटक पडायची आणि मग त्यांना काही कळेनासं व्हायचं. गावात सगळे म्हणायचे, बर्फानं बोटं खाल्ली. हे त्यावर हसून म्हणायचे, "खाल्ली ती खाल्ली, पण हात धुवायला पानी बी दिलं न्हाई."

मी मूळची वाईची. लग्नाच्या आधीपासून प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. शाळा सांगली जिल्ह्यात, विट्याच्या अंगाला. सासर सातारा जिल्ह्यात, कराडच्या खाली कृष्णाकाठी. मधे एक घाट आणि जिल्ह्याची हद्द. घाट रोज ओलांडता येतो, पण शिक्षकाची बदली हद्द ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात होणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. हे फौजेत होते तोवर मी शाळेच्या गावातच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी सासरी यायचे. आता नवरा घरी आणि बायको परगावी, हे कुणालाच बरं दिसेना. एसटी होती, पण ती सकाळी विट्याहून कराडला जायची आणि संध्याकाळी कराडहून विट्याला, म्हणजे माझ्या नेमकी उलट.

सासूबाईंनी सरळ सांगितलं, "नोकरी सोडून दे."

त्या काही दुष्ट नव्हत्या. पण मला त्या क्षणी शाळेतला फळा, पहिलीतली नाक पुसत बसणारी पोरं, माझी खडूची पेटी, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि हातातला घास मी ताटात ठेवला. तेवढ्यात हे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "कशाला सोडायची? मी रोज सोडतो आन् आणतो. गाडी हाय की."

गाडी होती. आधीच्या एका रजेत घेतलेली मोटारसायकल गोठ्याशेजारी पोत्याखाली उभी होती.

"थंडीत?" सासूबाई म्हणाल्या. "घाटात? त्या हातानं?"

बर्फातून एकदा परत आलेला मुलगा त्यांना पुन्हा थंडीच्या हवाली करायचा नव्हता, एवढंच ते होतं. पण त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी अट घातली. "संक्रांतीपतोर बघू. एक दिस जरी वाटंत हात बंद पडला, तर त्याच दिशी हिनं शाळंला रामराम ठोकायचा."

"ठरलं," हे म्हणाले.

मला कुणी विचारलंच नाही. नोकरी माझी आणि पैज मायलेकांची! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तो सगळा राग मी त्या संध्याकाळच्या भाकऱ्यांवर काढला. पण मनातून मला ठाऊक होतं की ह्यांनी 'ठरलं' म्हटलं नसतं तर दुसऱ्या दिवशी माझा राजीनामा लिहिला गेला असता.

फौजेत हे मोटारसायकलवरून निरोप पोचवायचं काम करायचे. त्यामुळे आमच्याकडे तयारी सुरू झाली ती लढाईवर निघाल्यासारखी. क्लचची तार काढून, तेल पाजून पुन्हा बसवली. नंतर तिचा दांडा इतका हलका झाला की उरलेल्या दोन बोटांनीही दाबता यायचा. जुन्या घोंगड्याचे दोन तुकडे मला दिले आणि हँडलच्या मुठींना पिशव्या शिवून मागितल्या, आत हात घालायच्या. मी दाभण घेऊन त्या शिवल्या. सासूबाई बाजूला बसून बघत होत्या. त्यांनी एक टाका उसवून पुन्हा घातला. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या घड्या, पुढच्या लोखंडी गार्डला दोन्ही बाजूंनी पोती बांधलेली, डोक्याला मफलर आणि त्यावर कानटोपी. या अवतारात आम्ही गावातून निघालो की कुत्रीसुद्धा भुंकायची विसरायची.

सकाळी ते गाडी चालू करून अंगणातच तापू द्यायचे. मी पिशवी घेऊन ताटकळत उभी. "अहो, शाळा सुटेल," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "लोखंडाला बी जरा जागं हू दे की." आणि मग तो वेग. त्यांचं म्हणणं असं की थंडी रस्त्यावर नसते, वेगात असते. निम्म्या वेगानं गेलं की निम्मीच लागते.

पहिले काही दिवस मी मागे एका अंगावर बसून धुमसत होते. पण मागे बसलं की काम काहीच नसतं, त्यामुळे नजर जाते ती चालवणाऱ्यावर. हळूहळू मला दिसायला लागलं की हा माणूस नुसता चालवत नाही, सतत काहीतरी वाचतोय. उसाच्या हंगामात आमच्याकडचे रस्ते म्हणजे पाचटाचं अंथरूण. गाड्यांतून गळलेला पाला, त्यावर रात्रभर पडलेलं दव. तिथं पोचायच्या आधीच ते वेग उतरवायचे आणि पाल्यावर असताना ब्रेकला हात लावायचे नाहीत. नदीकाठचं धुकं दाट असलं की कडेला घेऊन इंजिन बंद करायचे आणि ऐकत बसायचे. मला आधी वाटलं, हे काय नवीन खूळ? मग धुक्यातून घुंगरं वाजायची आणि उसानं शिगोशीग भरलेली बैलगाडी आमच्या हाताच्या अंतरावरून जायची. कंदील नाही, काही नाही, गाडीवान घोंगडी पांघरून झोपलेला आणि बैल आपले कारखान्याची वाट ओळखून चाललेले. गाडी गेली की हे मला म्हणायचे, "बघितलंस?" मी म्हणायचे, "बघितलं."

हुलग्याची तर वेगळीच तऱ्हा. घाटाखालच्या वस्तीतल्या बायका हुलगा उपटून आणला की डांबरी रस्त्यावरच पसरून टाकायच्या. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांनी तो मळून द्यायचा, असा रिवाजच होता. एसटी त्यावरून जायची, ट्रक जायचे, सगळे बिनबोभाट जायचे. आमचे हे मात्र पसाऱ्यापाशी आले की उतरायचे, मलाही उतरवायचे आणि गाडी कडेच्या मातीतून ढकलत न्यायचे. बायकांना तो अपमान वाटायचा.

"आवं फौजी, वरनं जावा की! त्येच्यासाठीच तर टाकलंय!"

"दव हाय त्याच्यावर, बाई."

"दवानं काय हुतंय? यष्टी न्हाई व्हय जात?"

"यष्टी पडत न्हाई. आमी पडतो."

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एके दिवशी आम्ही असेच ढकलत असताना मागून एक गडी आला मोटारसायकलवर. बायकांनी त्याला मोठ्या कौतुकानं हात केला. तो ऐटीत हुलग्यावर शिरला, आणि पुढच्या क्षणाला गाडी एकीकडे, तो एकीकडे. उठून बसला तेव्हा त्याच्या केसांत शेंगा होत्या. बायकांनी आधी हुलगा गोळा केला आणि मग त्याला. ह्यांनी आमची गाडी स्टँडवर लावली, त्याचा गुडघा बघितला, पुढचं चाक पायांत धरून त्याचं वाकलेलं हँडल सरळ करून दिलं आणि एक शब्द बोलले नाहीत. मी असते तर बोलले असते. मला तर तेव्हाच त्या बायकांकडे बघून वाकुल्या दाखवाव्याशा वाटल्या होत्या.

घाट सुरू व्हायच्या आधी एक गुऱ्हाळ लागायचं. तिथं आमचा मुक्काम ठरलेला. काहिलीत रस रटरटत असायचा, खाली चुलवणात चिपाडं धडधडत असायची. गूळ काढणारे गुळवे मुसलमान गृहस्थ होते, पांढऱ्या दाढीचे. ते रोज म्हणायचे, "फौजीभाऊ, हात धरा की जाळाम्होरं. असं काय लाजताय?" हे काही जाळाजवळ हात न्यायचे नाहीत. बधिर हाताला चटका कळत नाही, कातडं जळून गेलं तरी पत्ता लागत नाही, हे त्यांनी फौजेत डोळ्यांनी बघितलं होतं. ते चुलवणापासून लांब, उबेत बसायचे आणि डावा हात काखेत धरून ठेवायचे. हळूहळू बोटांत रंग यायचा. रंग परत येताना फार दुखतं म्हणे. ते दुखणं त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसायचं, आणि तरी गुळव्यांशी हसतखेळत बोलणं चालू असायचं. मग बोटं उघडमीट करून बघायची आणि उठायचं. एखाद्या दिवशी उशीर होत असला तरी बोटं नीट मिटल्याशिवाय ते कधी उठले नाहीत.

तिथं बसून त्यांच्याकडे बघताना मला त्यांचा अभिमान वाटायला लागला. शौर्याबिर्याचा नव्हे. गावात छाती काढून फिरणारे शूर पुष्कळ होते. आपला हात आता पूर्वीसारखा नाही, हे रोज सकाळी नव्यानं मान्य करायचं आणि तरी रोज निघायचं, हे मी दुसऱ्या कुणाला जमलेलं पाहिलं नाही.

अशी संक्रांत तोंडावर आली. त्या शनिवारी सकाळची शाळा होती, त्यामुळे अंधुक उजेडातच निघालो. थंडी अशी की नाकातून वाफ निघत होती. गुऱ्हाळापाशी पोचलो तर सामसूम. अवस होती. अवसेला बैल जुंपत नाहीत, म्हणून चरक बंद, चुलवण गार. गुळवे घरी. ऊस वाहणाऱ्या गाडीवानांना मात्र कारखान्याची घाई असते, त्यांना अवस-पुनव नाही. ह्यांनी थोडा वेळ हात काखेत धरला, बोटं मिटून बघितली आणि म्हणाले, "बघू. चढून तर जाऊ."

घाटात वरून उसाच्या गाड्यांची रांग उतरत होती. प्रत्येक वळणावर थांबायचं, क्लच दाबून धरायचा, गाडी जाऊ द्यायची, पुन्हा निघायचं. अर्ध्या घाटात एका मैलाच्या दगडापाशी ह्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि घोंगड्याच्या पिशवीतून हात बाहेर काढला. चुन्यासारखा पांढरा.

"हात गेला," ते म्हणाले.

मी तो माझ्या शालीत घेतला. चोळायला लागले तर म्हणाले, चोळू नको, नुसता धर. समोरून गाड्या जात होत्या आणि मी भर रस्त्यात नवऱ्याचा हात उराशी धरून उभी होते. मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटत होतं ते एवढंच, की हा हात परत येईल ना? ऊन अजून घाटात शिरलं नव्हतं. पुष्कळ वेळ गेला. बोटं काही मिटेनात.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चल, बस, रेटू कसंतरी. मनगटानं दाबीन, काय व्हायचं ते होवो. ह्यांनी खालच्या दरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "आई म्हणाली तसंच झालं. तू चालत वर जा, ट्रकला हात कर. मी गाडी ढकलत खाली न्हेतो." आणि मग हळूच, "तुझी नोकरी घालवली मी."

मला रडू यायच्या आधी राग येतो, हा माझा स्वभाव. मी म्हटलं, "क्लच दाबायला काय लागतं हो? अक्कल की हात?"

"हात."

"मग माझे काय मी वाईला ठेवून आलेय?"

ते गाडीकडे वळले. मग क्लचच्या दांड्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. माझे हात लांब आहेत, माहेरी मला त्यावरून चिडवायचे. "पोचंल," ते म्हणाले. "पण एका अंगावर बसून न्हाई. दोन्हीकडं पाय टाकून बसावं लागंल."

त्या काळात आमच्या भागात कुठलीही बाई मोटारसायकलवर तशी बसलेली मी पाहिली नव्हती. त्यात मी मास्तरीण, आणि अंगावर गोल नेसलेली पाचवारी. मी वर बघितलं, खाली बघितलं. वरून येणाऱ्या गाडीवर आमच्याच गावचा गाडीवान होता. म्हटलं, ये बाबा, तूच राहिला होतास. साडी गुडघ्यांपर्यंत घेतली, शाल कमरेला गुंडाळली आणि बसले.

ह्यांनी पदर खोचायला लावला, निऱ्या कुठपर्यंत जातात ते वाकून बघितलं, त्या पोत्याच्या सुतळीनं पायाशी बांधल्या. मग इंजिन बंद ठेवूनच धडा सुरू केला. "दाब. सोड. हळू सोड. दुधावरची साय काढतीस, तशी." मी त्यांच्या काखेखालून हात पुढे घातला होता, हनुवटी त्यांच्या खांद्यावर होती. इंजिन चालू करून पहिल्यांदा सोडला तेव्हा गाडीनं गचका दिला आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच. शाळेत एखाद्या पोरानं अशी चूक दोनदा केली असती तर मी त्याच्या पाठीत धपाटा घातला असता. हे म्हणाले, "झकास. आता आणखी जरा सावकाश."

तिसऱ्यांदा गाडी हलली. "दाब," ते म्हणाले, मी दाबला, त्यांनी पायानं गिअर टाकला. "सोड." आम्ही चढायला लागलो. त्यांचा बधिर पंजा मुठीवर नुसता टेकलेला, त्यावर माझा हात. ज्या गाडीचा नट ते कुणाला पिळू देत नसत, तिचा अर्धा ताबा त्यांनी मला दिला होता, तोही घाटात. त्या सबंध चढात त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही.

गाडीवान शेजारून गेला तेव्हा त्याच्या तोंडातली विडी खाली पडली. "रामराम, बाई," तो सवयीनं म्हणाला.

"रामराम," मीही म्हणाले.

शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना चालू होती. हेडमास्तरांनी आमच्याकडे बघितलं आणि मग प्रार्थना संपेपर्यंत आभाळाकडे बघत राहिले.

दुपारी परतताना लख्ख ऊन होतं. हात आपला आपण परत आला होता, मी पूर्वीसारखी एका अंगावर बसले होते. वाटेत मी म्हटलं, "घरी असं सांगू, की मला हौस आली म्हणून बसले. लोक चार दिवस हसतील, हसू देत. नोकरी तर राहील."

"न्हाई," ते म्हणाले. "आईला हाताबद्दल खोटं सांगून पुन्हा गाडीवर बसणार न्हाई मी."

उरलेली वाट मी धुमसत काढली. चिडले होते, कारण त्यांचं बरोबर होतं.

सासूबाई ओसरीवर सुपात तीळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा चेहरा बघूनच कळलं की गाडीवान आमच्या आधी पोचलाय. ह्यांनी कानटोपी काढली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "आई, घाटात हात बंद पडला. पार मिटंचना."

"मग वर कसं गेलासा?"

"हिनं क्लच दाबला."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "दोन्हीकडं पाय टाकून बसली हुतीस म्हनं."

"हो," मी म्हणाले. मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळायलाही लागला होता.

"पदर?"

"खोचला होता."

"आन् निऱ्या?"

"सुतळीनं बांधल्या होत्या."

"सुतळीनं!" त्यांनी सूप खाली ठेवलं आणि तरातरा आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. आम्ही दोघं शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारखे ओसरीत उभे. बाहेर आल्या त्या हातात घडीचं हिरवं लुगडं घेऊन, त्यांचं स्वतःचं, नऊवारी. ते त्यांनी माझ्या हातात कोंबलं.

"सोमवारपासनं हे नेसायचं. काष्टा घालून. त्या तुझ्या गोल साडीचा घोळ चाकात ग्येला असता म्हंजी दोघंबी दरीत गेला असतासा. येवढी शिकलीस आन् सुतळी बांधतीस व्हय?"

"पण लोक…" मी म्हणाले. सकाळपासून लोकांची पर्वा न केलेली मी!

"लोकांचं मी बघती. मी काष्टा घालून मोट हाकली, उसाची गाडी हाकली. तवा कुणी न्हाई इचारलं, बाई, तुझं पाय कुठं हायती म्हनून." मग त्यांनी मुलाच्या त्या हाताकडे बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडे नेली. "त्येचा हात कवा बंद पडंल सांगता यायचं न्हाई. तुझा तरी तिथं असू दे."

सोमवारी पहाटे त्यांनीच मला ते लुगडं नेसवलं. काष्टा खोचून दोनदा ओढून बघितला. अंगणात गाडी तापत होती. मी मागे दोन्हीकडे पाय टाकून बसले तशा त्या जवळ आल्या, माझा हात धरून त्यांनी घोंगड्याच्या पिशवीत, ह्यांच्या हाताशेजारी घातला आणि बाहेरून चाचपून दोन्ही हात आत आहेत याची खात्री केली.

"आता जावा," म्हणाल्या.